नवी बॅटरी, दुरुस्त सेल्फ, तरी गाडी गप्प

चिपळूणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. "गाडी चालू होत नाही" ही तक्रार पावसाळ्यात आठवड्याला चार-पाच वेळा तरी येते, आणि त्यातल्या बहुतेक वेळा बॅटरी, टर्मिनल किंवा उंदराने कुरतडलेली वायर एवढ्यावर काम संपतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेली एक गाडी मात्र त्यात बसत नव्हती. माझ्याकडे येण्याआधी तिच्यावर तीन वेळा खर्च झाला होता, आणि तिन्ही वेळा मूळ दोष तसाच राहिला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतो आहे.

गाडी माझ्या चौथीच्या गुरुजींची. खेर्डीला राहतात, आता निवृत्त आहेत. २०१०ची लहान पेट्रोल हॅचबॅक, साध्या गिअरची, क्लच केबलवर चालणारा. काकूंच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जावं लागतं. घाटात चहाला थांबलं की पुन्हा गाडी चालू होईल की नाही, ही धास्ती. गुरुजी म्हणाले, "अरे, हल्ली मी मध्ये गाडी बंदच करत नाही. ती चहा पिऊन येते, मी इंजिन चालू ठेवून बसतो."

तक्रार त्यांनी नेमकी सांगितली. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पेट्रोलपंपाचा दोन सेकंदांचा घुंई आवाज येतो, पण सेल्फ (इंजिनाला पहिला फिरका देणारी मोटर) कधी रडतरडत फिरतो, कधी नुसतं टक-टक-टक होतं. धक्का मारला तर दुसऱ्या गिअरला गाडी हमखास चालू. एकदा चालू झाली की रस्त्यावर कुठेच त्रास नाही.

धक्का मारल्यावर हमखास चालू होते, या एका वाक्याने निम्मं काम झालं होतं. इंजिनाला पेट्रोल मिळतंय, स्पार्क पडतोय, इमोबिलायझर चावी ओळखतोय, हे सगळं त्यातच आलं. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी गाडी असती तर मी पंप, फ्यूज, क्रँक सेन्सर, प्लग या वाटेने गेलो असतो. इथे प्रश्न एवढाच होता की सेल्फला हवा तेवढा करंट का मिळत नाही. "चालू होत नाही" म्हणजे सेल्फ फिरत नाही की फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवरच विचारतो. या दोन वेगळ्या आजारांना लोक एकाच नावाने हाक मारतात.

आधी काय काय झालं होतं

गुरुजींची सवय म्हणजे सगळं वहीत लिहिणं. गाडीची वेगळी वही होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, आणि अलीकडच्या पानांवर "चालू झाली नाही" अशा नोंदी. ती वही मी टेबलावर घेऊन वाचली. खराब झालेल्या गाडीबरोबर असा कागद फार क्वचित येतो.

पहिली नोंद डिसेंबर २०२२ची. सकाळी सेल्फ जड. बॅटरी साडेतीन वर्षांची होती, दुकानदाराने तपासून "सेल गेलाय" म्हणून सांगितलं. नवी घेतली, ४,४०० रुपये. दीड-दोन महिने ठीक. मार्चमध्ये पुन्हा टक-टक. नवी बॅटरी वॉरंटीत, ती तपासली तर चांगली. मग एका गॅरेजवाल्याने सेल्फ उतरवला, कार्बन आणि बुश बदलले, सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा जाड स्विच) साफ केला. बाकावर बॅटरी लावून गुरुजींना फिरवून दाखवला, मस्त फिरला. १,८०० रुपये. गाडीला बसवल्यावर आठ-दहा दिवस उत्तम, मग पुन्हा तेच. जुलैमध्ये क्लच फार जड झाला म्हणून क्लच केबल बदलली, ९०० रुपये. या शेवटच्या खर्चाचा सेल्फशी काही संबंध असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. गुरुजींनीही ती नोंद वेगळ्या पानावर केली होती.

इथे कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. पहिली बॅटरी खरंच गेली होती, सेल्फचे कार्बनही झिजलेले असणार. पण बॅटरी का गेली, हे कोणी विचारलं नाही. त्याचं उत्तर पुढे येतं.

माझी पहिली तपासणी, आणि तिच्यातली चूक

मी नेहमीच्या क्रमाने गेलो. गाडी रात्रभर उभी होती. बॅटरीच्या दोन पोलांवर मल्टीमीटर: १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ दिसतात, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर तिच्यावर भरवसा नाही. म्हणजे ही जरा उपाशी होती, पण मेलेली नव्हती.

टर्मिनल हाताने हलवून पाहिले, घट्ट. हेडलाइट लावून गुरुजींना सेल्फ मारायला सांगितलं. ही जुनी, फुकटची आणि फार बोलकी चाचणी आहे. सेल्फ मारताना दिवे मालवले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फचा आवाजच नाही, तर चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर. इथे सेल्फ कण्हत होता, पण दिवे जेमतेम मंद झाले. मला ते खटकलं, कारण सेल्फ एवढा कष्टात असेल तर दिव्यांनी मान टाकायला हवी होती.

मग मी अर्थिंग, म्हणजे करंट मायनसकडे परत नेणाऱ्या वायरी, पाहिलं. या गाडीत बॅटरीच्या मायनसवरून दोन वायरी निघतात: एक बारीक, बॅटरीच्या ट्रेजवळ बॉडीला, दुसरी जाड, खाली गिअरबॉक्सला. गिअरबॉक्सवरचा बोल्ट चकचकीत होता. सेल्फ काढताना आधीच्या मेकॅनिकने तो साफ केलेला दिसत होता. मल्टीमीटर बझरवर ठेवून मायनस पोल ते इंजिन तपासलं, बीप वाजली. अर्थ ठीक आहे असं धरून मी रिलेकडे वळलो आणि पाऊण तास घालवला.

ती बीप हीच चूक. मल्टीमीटरचा बझर तीस-चाळीस ओहमच्या आतलं काहीही असलं तरी वाजतो, आणि त्यासाठी तो काही मिलिअँपिअरच सोडतो. सेल्फ घेतो शंभर-दीडशे अँपिअर. केबलच्या शंभर तारांपैकी चारच शाबूत असल्या तरी बीप वाजेल, टेस्ट लॅम्पही झकास पेटेल, आणि सेल्फ मात्र रडेल. शिवाय इथला बिघाड ओहमच्या शंभराव्या भागातला असतो, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अवरोधच त्याहून जास्त. ओहमवर ठेवलेल्या साध्या मीटरला तो दिसणं शक्यच नाही. हे मला माहीत होतं, शिकाऊ मुलांना मी ते सांगतोही. तरीही बोल्ट स्वच्छ दिसला म्हणून मी सोपी चाचणी केली आणि तिच्यावर विसंबलो.

वहीतल्या दोन नोंदी

जेवायला बसताना वही पुन्हा उघडली. जुलैमधल्या दोन नोंदी शेजारीशेजारी होत्या. एक: "खेर्डी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावली. चालू नाही. धक्का मारून चालू." दुसरी, नऊ दिवसांनी: "कराड. टॅक्सीवाल्याने केबल लावून दिली. एका झटक्यात चालू."

तीच गाडी, तीच बॅटरी, दोन्ही वेळा चांगल्या गाडीचा आधार. मग एकदा का नाही आणि एकदा का झटक्यात? मी गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, कराडला त्या टॅक्सीवाल्याने काळा चिमटा कुठे लावला होता, आठवतंय?"

"काळा? थांब... मी बॅटरीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, काका, तिकडे नको, इंजिनाला लावतो. खाली कुठेतरी लोखंडाला लावला."

"आणि खेर्डीला?"

"इथे दोन्ही बॅटरीलाच लावले होते. का रे?"

टॅक्सीवाल्याने रीतसर केलं होतं. जंपर केबल लावताना शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर नाही, तर तिच्यापासून लांब इंजिनाच्या उघड्या धातूवर लावायचा असतो, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. या खबरदारीमुळे नकळत आणखी एक गोष्ट घडली: इंजिनाला मायनसचा नवा रस्ता मिळाला. गाडीची स्वतःची अर्थ केबल बाजूला पडली, आणि सेल्फ फिरला. खेर्डीला दोन्ही चिमटे बॅटरीवर होते, त्यामुळे दोन बॅटऱ्यांचा जोर पुन्हा त्याच आजारी केबलमधून जात होता.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला सगळा करंट सेल्फमधून इंजिनाच्या धातूत येतो आणि मायनसकडे परततो. जाण्याची लाल केबल सगळे बघतात. परतीची काळी केबल खाली, चिखलाच्या बाजूला, कोणाच्या नजरेत नसते.

लोडवर मोजणं

दुपारी पुन्हा मोजलं, या वेळी सेल्फ फिरत असताना. मीटर डीसी व्होल्टवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन पकडणार नाही आणि चार-पाच सेकंद निवांत मोजता येईल. एक मुलगा चावीवर, मी खाली.

बॅटरीच्या दोन पोलांवर, सेल्फ मारताना: ११.४ व्होल्ट. लाल बाजूला, प्लस पोल ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.३. काळ्या बाजूला, मायनस पोल ते इंजिनाचा धातू: ३.६.

चांगल्या गाडीत हा शेवटचा आकडा ०.२ च्या आसपास असतो. ०.५ दिसले तरी मी केबल उतरवतो. इथे ३.६. म्हणजे बॅटरीच्या ११.४ पैकी सेल्फच्या वाट्याला जेमतेम साडेसात व्होल्ट येत होते. बाकी जवळजवळ सगळा परतीच्या वाटेवर उष्णता होऊन जात होता. साधारण शंभर अँपिअर धरले तर अवरोध निघतो ०.०३६ ओहम. एवढासा आकडा, पण तेवढ्याने गाडी घाटात उभी राहते.

दिव्यांनी मान का टाकली नाही, तेही उलगडलं. बॅटरीवर पुरेसा भारच येत नव्हता. खरोखर थकलेली बॅटरी सेल्फ मारताना नऊच्या खाली घसरते. ही ११.४ वर आरामात होती. सेल्फ रडतोय आणि बॅटरीचे व्होल्ट मात्र चढे, ही जोडी दिसली की दोष केबलींमध्ये शोधायचा.

आता जागा नक्की करायची. मायनस पोल ते गिअरबॉक्सवरच्या थिंबलपर्यंत (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टखाली येणारी धातूची कडी) ३.५, थिंबल ते गिअरबॉक्सचा धातू ०.१. म्हणजे चकचकीत बोल्ट निर्दोष होता. दोष केबलच्या पोटात.

खात्री करायला मी जंपर केबलची एकच काळी वायर घेतली, एक चिमटा मायनस पोलवर, दुसरा इंजिनाच्या हुकाला, पट्टा आणि पंख्यापासून लांब. फ्यूज परत बसवला. मुलाने चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या सेकंदात चालू झाली. हा प्रयोग घरीही करता येतो. दुसरी गाडी लागत नाही, फक्त जंपर केबल लागते. डिकीत जंपर केबल असेल तर सेल्फ असा रडायला लागल्यावर आधी ही एक वायर अशी लावून बघावी.

क्लच केबल

एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. जुनी जोडणी तशीच ठेवून तीन-चार वेळा सेल्फ मारला आणि क्लच केबलला हात लावला. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली नवी केबल कोमट लागत होती. इंजिन गार असताना.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले. जाड अर्थ केबल निकामी झाली की करंट दुसरी वाट शोधतो. इथे ती होती क्लच केबलचं पोलादी आवरण: गिअरबॉक्समधून क्लच केबल, तिथून बॉडी, तिथून ती बारीक वायर, आणि मग मायनस. मापांनीही तेच सांगितलं. सेल्फ मारताना मायनस पोल आणि बॉडीमध्येही ०.९ व्होल्ट दिसत होते, आणि त्या बारीक वायरने एवढं ओझं वाहायचं नसतं.

जुनी क्लच केबल सुदैवाने गुरुजींनी ठेवली होती. कापून पाहिली तर आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. क्लच जड झाला तो याच्यामुळे. ९०० रुपयांची ती नोंद वेगळ्या पानावरची नव्हतीच. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर किंवा गिअरची केबल कारण नसताना पुन्हा पुन्हा जात असेल, तर मेकॅनिकने सगळ्यात आधी इंजिनाची अर्थ तपासावी असं मला मनापासून वाटतं, कारण तापलेली केबल पेट्रोलच्या पाइपाशेजारून जात असेल तर गोष्ट गाडी बंद पडण्यावर थांबत नाही.

केबलमध्ये काय झालं होतं

आधी बॅटरीचा मायनस काढला (काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी), मग केबल उतरवली. बाहेरून ती नव्यासारखी. थिंबलजवळचं काळं आवरण ब्लेडने चिरलं तर आत तांब्याच्या तारा नव्हत्या, हिरवट-पांढरी भुकटी होती. बोटाने दाबली तर सांडली. पाच-सहा तारा कशाबशा थिंबलला धरून होत्या. वर चार इंचांपर्यंत तारा काळ्या पडलेल्या.

"गुरुजी, ही गाडी कधी पाण्यात होती का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठेतले तळमजले बुडाले, त्या दिवशी गाडी त्यांच्या बहिणीच्या घरासमोर चढावर उभी होती. चढावर होती म्हणून वाचली. पाणी बंपरपर्यंत आलं आणि थांबलं. इंजिनात गेलं नाही, सीट भिजल्या नाहीत. नंतर धुऊन, ऑइल बदलून गाडी सुरू केली, आणि शहरातल्या बाकी गाड्यांची अवस्था बघता कोणालाही वाटलं असतं की ही सुटली.

पण गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट बंपरच्या पातळीच्या खाली आहे. गाळमिश्रित पाणी थिंबलच्या तोंडातून तारांच्या फटींत शिरलं आणि दिव्याची वात तेल ओढते तसं आवरणाच्या आत वर चढलं. बाहेरून धुतलं, वाळवलं, तरी आतली ओल बाहेर पडायला वाट नव्हती. कोकणातल्या दमट हवेत पुढचं दीड वर्ष तांबं आतल्या आत खात राहिलं. मार्चमध्ये सेल्फ काढताना केबल हलली, उरलेल्या तारा पुन्हा टेकल्या, म्हणून आठ-दहा दिवस बरे गेले. घाट चढून इंजिन तापलं की ती जागा आणखी सैल व्हायची, म्हणून वहीतल्या बहुतेक नोंदी कराडच्या वाटेवरच्या.

आणि पहिली बॅटरी? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला, त्याच्याही परतीचा रस्ता हाच. गाडी चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजलं: अल्टरनेटरच्या तोंडाशी १४.२ व्होल्ट, बॅटरीवर पोहोचत होते १३.३. महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती लवकर जाते. नवी बॅटरीही त्याच वाटेवर होती. माझ्या टेबलावर ती १२.५ वर आली होती, त्याचं कारण हेच.

दुरुस्ती

काम तासाभराचं. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना टिन लावलेले थिंबल, हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले. हातोडीने ठोकून चपटा केलेला थिंबल मी घेत नाही, कारण त्यात हवा राहते आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. तोंडावर गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी. गिअरबॉक्सचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला, वरून पेट्रोलियम जेली. बारीक वायरही बदलली. तिने वर्षभर भलतंच ओझं वाहिलं होतं. क्लच केबल आतून तपासता येत नव्हती, म्हणून तीही नवी घालायला सांगितली. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. अर्थ केबल, बारीक वायर आणि मजुरी मिळून १,१०० रुपये झाले.

दुसऱ्या दिवशीची मापं: सेल्फ मारताना बॅटरीवर १०.७, लाल बाजूला ०.४, काळ्या बाजूला ०.१, सेल्फला १०.२. गुरुजींनी वहीत उतरवून घेताना विचारलं, "बॅटरी आधी अकरा पूर्णांक चार दाखवत होती, आता दहा पूर्णांक सात. मग दुरुस्तीनंतर कमी कशी झाली?" प्रश्न अगदी रास्त होता. आता सेल्फ त्याच्या हक्काचा करंट घेतोय, म्हणून बॅटरी खरी कामाला लागली. चालू गाडीत हेडलाइटसकट बॅटरीवर १४.१.

त्या आठवड्यात मी पुरात भिजलेल्या, पण नंतर नीट चालणाऱ्या ओळखीच्या गाड्यांच्या मालकांना बोलावून घेतलं आणि प्रत्येकीची काळी बाजू सेल्फ मारताना मोजली. एका रिक्षा-टेम्पोत ०.९ निघाले, एका जुन्या जीपमध्ये ०.७. दोन्ही चालू होत होत्या, मालकांची तक्रार काहीच नव्हती. दोन्हींच्या केबली कापल्यावर आत तीच हिरवी भुकटी.

गुरुजी पुढच्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, स्वतःहून गाडी घेऊन आले. काळ्या बाजूला ०.१२. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "परवा कराडहून येताना घाटात थांबलो होतो. दोघांनीही चहा घेतला."